ब्रशचं मशीन घ्यावं की टचलेस?

टचलेस मशीनच्या जवळपास प्रत्येक कॅटलॉगात पहिल्याच पानावर एक वाक्य असतं: गाडीला काहीही न लागता चकाचक धुलाई. गाड्या धुण्याची ऑटोमॅटिक मशीन्स बसवणं, चालू करून देणं आणि पुढे त्यांच्या कुरबुरी निस्तरणं हे माझं काम. त्यामुळे हे वाक्य वाचलं की मला एकच प्रश्न पडतो. काहीच लागत नसेल तर मळ काढतंय कोण?

कोणाला तरी तो काढावाच लागतो. ब्रशला रजा दिली की त्याचं काम पाण्याच्या माऱ्याच्या आणि केमिकलच्या गळ्यात पडतं. मशीन निवडताना खरं तर एवढंच ठरत असतं की रोज सकाळी शटर उघडल्यावर आधी काय तपासायचं, ब्रश की केमिकलचे कॅन.

नवीन सेंटर टाकणाऱ्यांचे फोन साधारण एकाच सुरात सुरू होतात. "मॅडम, ब्रश नकोच. लोक लांबून ब्रश बघतात आणि गाडी वळवतात. टचलेसचंच बोला." मी विचारते, पाणी कुठलं? "पाणी भरपूर आहे हो." भरपूर आहे ते कळलं, पण त्यात क्षार किती? "ते बघायला लागेल." जागेचा नकाशा तयार असतो, बोर्डाचा रंग ठरलेला असतो, कर्जाचे कागद फिरत असतात. पाण्याचा रिपोर्ट तेवढा कोणी काढलेला नसतो. आणि टचलेस चालणार की बोंबलणार ते अर्ध्याहून जास्त त्या रिपोर्टवर ठरतं.

धुण्याच्या धंद्यात झिनरचं वर्तुळ नावाची एक जुनी गोष्ट शिकवतात. हर्बर्ट झिनर हे हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ. त्यांनी १९५९ मध्ये मांडलं की कुठलीही स्वच्छता चार गोष्टींवर उभी असते: रसायन, घासणं किंवा आदळणं, तापमान आणि वेळ. चारांपैकी एक कमी केली की बाकीच्या तिघांनी ती भरून काढायची. एवढंच. हे वर्तुळ कपड्यांना लागू, फरशीला लागू, गाडीलाही लागू. टचलेसमध्ये घासणं काढून टाकलेलं असतं. गिऱ्हाईक लाइनीत उभं असल्यामुळे वेळ वाढवता येत नाही. पाणी गरम करायचं तर विजेचं बिल वाढतं. मग उरतं काय? रसायन. म्हणून टचलेसची केमिकलं ब्रशच्या मशीनपेक्षा जहाल असतात. हे सेल्समन सांगत नाही असं नाही, पण खूप हळू आवाजात सांगतो.

"पण मॅडम, प्रेशर आहे ना! ऐंशी बार!" आहे. चिखल, वाळू, पक्ष्यांची घाण, किडे, हे सगळं प्रेशर उडवतं आणि झकास उडवतं. अडचण वेगळ्याच मळाची असते. धुराची काजळी, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, टायरची झीज, बारीक धूळ, या सगळ्यांचा मिळून एक करडा पापुद्रा पेंटवर बसतो. आमच्याकडे त्याला ट्रॅफिक फिल्म म्हणतात. पाणी कितीही जोरात आपटलं तरी पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला पाण्याचा थर जवळजवळ हलतच नाही, आणि हा पापुद्रा नेमका त्या थरात लपून बसतो. तेलकट बोट लागलेला चष्मा नळ सोडून त्याखाली धरा, कितीही वेळ धरा, ठसा राहतोच. नुसतं एकदा बोट फिरवलं की जातो.

तो पापुद्रा बोट न फिरवता सुटावा म्हणून टचलेसमध्ये बहुतेक ठिकाणी दोन औषधं मारतात. आधी आम्ल, मग अल्कली. आम्ल खनिज मळाला सैल करतं, अल्कली तेलकट भागाला. आम्लाचा पीएच दोनच्या आसपास, अल्कलीचा बाराच्या पुढे. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर मारलेली ही उडी मळाची पकड सोडवते आणि मग प्रेशरचं पाणी त्याला घेऊन जातं. जमलं तर काम सुंदर होतं. काळी गाडी अशी निघते की मालक दोनदा फिरून बघतो.

जमण्याची अट मात्र कडक आहे. औषध गाडीवर अर्धा ते एक मिनिट ओलं राहायला हवं. त्याआधी पाणी मारलं तर मळ सुटत नाही आणि वाळलं तर डाग पडतात. उन्हात तापून आलेल्या काळ्या बॉनेटवर अल्कली वाळायला किती वेळ लागतो ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. फेस कडेने आक्रसत जातो, मधे एक मॅट चट्टा उरतो. खिडक्यांच्या भोवतीची अ‍ॅनोडाइझ केलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी असेल तर तिथे जहाल अल्कलीने पांढरट धब्बे पडतात, आणि ते धुऊन जात नाहीत. पट्टीच बदलावी लागते. गाडीला काहीही न लागता.

आम्लाबद्दल एक गोष्ट जरा थांबून सांगते, कारण मालक लोक ती ऐकायला तयार नसतात. काही प्रीसोकमध्ये, म्हणजे धुण्याआधी गाडीवर मारायच्या औषधात, अमोनियम बायफ्लोराइड असतं, काहींमध्ये थेट हायड्रोफ्लोरिक आम्ल. बायफ्लोराइडही पाण्यात हायड्रोफ्लोरिक आम्लच तयार करतं. ते मळावर प्रचंड चालतं, त्यामुळे विकलंही जातं. ते काचेलाही खातं आणि माणसालाही. सौम्य द्रावण हाताला लागलं तर लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी आतून ठणका सुरू होतो, कारण ते कातडीखाली उतरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात वाहनं धुण्याच्या कामातल्या अशा ४८ इजांची नोंद झाली आहे. तर कॅन उघडणारा पोरगा रबरी चपला घालून, उघड्या हाताने ओततोय असं दिसलं की मी मशीनला हात लावत नाही. आधी हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणा, मग बोलू. त्याहून चांगलं म्हणजे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलमध्ये काय आहे आणि त्याचे धोके काय ते सांगणारा कागद, मागवा आणि फ्लोराइड असेल तर तो माल परत पाठवा. फ्लोराइड नसलेली आम्लं मिळतात. थोडी कमी चालतात. चालू द्या.

आता पाणी. क्षार जास्त असले की शाम्पू आधी क्षारांशीच लढतो आणि उरलासुरला गाडीवर येतो. ब्रशच्या मशीनमध्ये हे खपून जातं, कारण शाम्पूचं तिथलं मुख्य काम गुळगुळीतपणा देण्याचं असतं. टचलेसमध्ये खपत नाही, तिथे सगळी भिस्तच केमिकलवर. म्हणून टचलेसला सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, हवाच, आणि शेवटच्या खळबळीला आरओचं पाणी, ज्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० च्या खाली असेल. नाहीतर गाडी वाळल्यावर अंगभर पांढरे ठिपके दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, शाम्पू नीट निघालाच नाही. शाम्पू निघालेला असतो, ठिपके पाण्यातल्या क्षारांचे असतात. पण हे त्याला समजावून सांगत बसणार कोण?

आरओ म्हटलं की टाकून द्यायचं पाणी आलंच. ते पहिल्या धुलाईला वापरायची सोय नकाशातच करून घ्या, नंतर पाइप फिरवताना नाकी नऊ येतात.

पाण्याच्या आणि विजेच्या हिशेबाला कॅटलॉगची गरज नाही. पंपाच्या पाटीवर सगळं लिहिलेलं असतं. समजा ८० बार आणि मिनिटाला ८० लिटर. दोघांचा गुणाकार करायचा, ६०० ने भागायचा, किलोवॉट मिळतात: साडेदहाच्या वर. पंपाचा आणि मोटरचा तोटा धरला की साडेबारा-तेरा, म्हणजे प्रत्यक्षात १५ किलोवॉटची मोटर बसते. असा पंप एका गाडीवर दोन-अडीच मिनिटं चालला की १६० ते २०० लिटर पाणी त्यानेच ओतलं. केमिकलचं आणि शेवटच्या खळबळीचं वेगळं. ब्रश फिरवणारी मोटर एकेक किलोवॉटच्या आसपास असते आणि ब्रशला पाणी लागतं ते ओलं राहण्यापुरतं. टचलेसमध्ये हलणारे भाग कमी म्हणून मेंटेनन्स कमी, हे मी खूपदा ऐकते. हलणारे भाग कमी आहेत हे खरं. पण जो एक भाग हलतो तो जिवाच्या आकांताने हलतो. पंपातल्या प्लंजरची म्हणजे दट्ट्याची सील, व्हॉल्व्ह, जादा दाब सोडून देणारा अनलोडर, गॅन्ट्रीवर म्हणजे गाडीवरून सरकणाऱ्या चौकटीवर वर-खाली होणारे होजपाइप, हे सगळं झिजतं आणि पंप बसला की सेंटर बंद. ब्रशच्या मशीनमध्ये एका बाजूच्या ब्रशचं बेअरिंग गेलं तर निदान ते सगळ्यांना ऐकू येतं.

नोझलची झीज तर कोणालाच ऐकू येत नाही. नोझलच्या भोकाचा व्यास नुसता १० टक्क्यांनी वाढला तरी त्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. पंप तेवढंच पाणी देत राहतो, त्यामुळे प्रेशर जवळजवळ एक तृतीयांशाने पडतं. डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. फवारा तसाच, आवाज साधारण तसाच, गाडी मात्र राखाडी निघते. मग मालक केमिकलचा डोस वाढवतो. पुढच्या महिन्यात अजून वाढवतो. मला बोलावतात तेव्हा कॅन दुप्पट वेगाने संपत असतात आणि सगळे केमिकलवाल्याला शिव्या देत असतात. रीसायकल केलेलं पाणी नीट न गाळता हाय प्रेशरला दिलं असेल तर ही झीज आणखी लवकर होते, कारण त्यातली बारीक वाळू नोझल आतून कोरते.

अंतराचंही तसंच. जेट जितका लांब जातो तितका फुटतो आणि त्याचा मार विरतो. उंच गाडीच्या छतापाशी नोझल जवळ येतं, तिथे छान निघतं. बुटक्या गाडीच्या दाराचा खालचा भाग लांब पडतो. आणि सगळ्यात अवघड जागा म्हणजे हॅचबॅक आणि एसयूव्हीचं मागचं दार. गाडी पळत असताना मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि चाकांनी उडवलेली सगळी धूळ त्या पोकळीत खेचली जाऊन तिथे थापली जाते. टचलेस मशीन कसं आहे ते मला मागच्या दारावरूनच कळतं. गाडी धुऊन, वाळून बाहेर आली की पांढरा सुती फडका बोटाला गुंडाळायचा आणि नंबरप्लेटच्या वरून एक लांब रेघ ओढायची. फडका पांढराच राहिला तर ऑपरेटरला शाबासकी. करडी पट्टी उमटली तर पापुद्रा जागेवर आहे, वरून नुसता चमकतोय. पेंटवरही तुमच्या बोटाची स्वच्छ रेघ दिसते, आणि ती एकदा दिसली की बाकीचं दार किती मळकं आहे तेही दिसतं.

इतकं सगळं वाचून वाटेल की मी ब्रशवाल्यांची वकील आहे. थोडीशी आहेच. पण ब्रशची बदनामी उगाच झालेली नाही. १९६२ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या गेबहार्ड वायगेले आणि योहान झुल्त्सबेर्गर यांनी स्वतः गाडीभोवती फिरणाऱ्या मशीनचं पेटंट मागितलं. तिथून पुढे बराच काळ ब्रश म्हणजे प्लास्टिकचे राठ केस. पेंटवर त्यांच्या खुणा उमटायच्या, सगळ्यांनी बघितल्या, आणि ती आठवण वडिलांकडून मुलाकडे गाडीच्या किल्लीबरोबर आली. आज निवड आहे. फाटक्या टोकांचे मऊ पॉलिथिलिनचे केस आहेत, कापडाच्या पट्ट्या आहेत, आणि बंद छिद्रांच्या फोमच्या पट्ट्या आहेत. फोम पाणी शोषत नाही, त्यामुळे हलका राहतो आणि वाळूला आत शिरायला जागा देत नाही. कापड पाणी पिऊन जड होतं, पण चमक सुरेख आणतं. मला कोणी विचारलं तर मी फोम सांगते.

ओरखडा ब्रश पाडत नाही, ब्रश आणि पेंटच्या मधे अडकलेला कण पाडतो. क्लिअर कोट, म्हणजे पेंटवरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. वाळू म्हणजे बहुतांश क्वार्ट्झ, मोहच्या मापावर कठीणपणा सात. ती काचेवरही ओरखडा काढते, पेंटचं काय घेऊन बसलात. म्हणून ब्रशच्या मशीनमध्ये खरी किंमत ब्रशची नसून ब्रश लागण्याआधीच्या मिनिटाची असते. त्या मिनिटात प्रीसोक आणि प्रेशरने मोकळी वाळू खाली गेली पाहिजे. पाणी आणि वेळ वाचवायला हे मिनिट कापणारे मालक मी भरपूर पाहिलेत. पुढची गाडी मग आधीच्या गाडीच्या वाळूने घासली जाते.

एका सेंटरवर तक्रार होती की गाड्यांवर जाळी पडते, पण फक्त डावीकडे. मोबाइलचा टॉर्च डाव्या दारावर तिरका धरला तर उजेडाच्या ठिपक्याभोवती गोल गोल बारीक रेषांचं कोळ्याचं जाळं दिसत होतं. उजव्या दारावर जवळपास काही नाही. मालकाच्या मते ब्रश खराब, दोन्ही बदला. मी मशीन बंद करून डाव्या ब्रशच्या पट्ट्या एकेक करून चिमटीत धरून खाली ओढत गेले. वरच्या हातभर पट्ट्या ओल्या आणि निसरड्या, मधल्या कोरड्या, आणि त्या कोरड्या फोमला बोटांना खरखर लागत होती. तळहातावर झटकलं तर बारीक चमकणारी रेती. ब्रशला ओलं ठेवणाऱ्या पाइपातली मधली नोझल्स गाळाने बुजलेली होती, बाकी ब्रशला काही धाड भरली नव्हती. सुईने नोझल्स मोकळी केली, ब्रश प्रेशरने धुतले, फिल्टर घातला. त्या सेंटरवर आता रोज उघडताना एक मुलगा पट्ट्यांवरून हात फिरवतो. त्याला पगारही त्यासाठीच आहे असं मी मालकाला सांगून आले, मालकाला ते फारसं आवडलं नाही.

ब्रश किती दाबायचा हे मशीनला मोटरच्या करंटवरून कळतं. दाबला की मोटरवर लोड येतो, करंट वाढतो, ब्रश मागे सरतो. हे सेटिंग चुकीच्या हातात गेलं की गडबड. गाडी नीट निघत नाही म्हणून कोणीतरी आकडा वाढवून ठेवतं आणि मग मागचा वायपर हातात येतो. सेटिंगला पासवर्ड ठेवा आणि तो कॅश काउंटरवर चिकटवू नका.

मागचा वायपर, लांब अँटेना, छतावरचं कॅरिअर, चिकटपट्टीने लावलेला स्पॉयलर, पिकअपचा उघडा हौदा: ब्रशच्या मशीनची दुखणी ही. अशा गाड्या परत पाठवाव्या लागतात, आणि परत पाठवलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुन्हा येत नाही. इथे टचलेसचा फायदा खरा आणि मोठा आहे. त्याला कॅरिअरची पर्वा नाही. मॅट पेंटच्या गाड्यांनाही ब्रश लावू नये असं उत्पादक सांगतात. टेस्लाने तर मॉडेल ३ च्या मॅन्युअलमध्ये ऑटोमॅटिक धुलाई करायची तर टचलेसच, असं लिहून ठेवलंय. तुमच्या आसपास अशा गाड्या किती आहेत हे समोरच्या रस्त्यावर एक दुपार खुर्ची टाकून बसलं तरी कळतं. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात तिथेही टचलेस शोभून दिसतं, कारण तिथे लोक वरचेवर येतात, गाडीवर जुना पापुद्रा साचलेला नसतो आणि मिठाला पाणी पुरतं.

हे वरचेवर येणं फार महत्त्वाचं आहे. आठवड्याला धुतली जाणारी गाडी टचलेसला सोपी जाते. तीन महिने धूळ खाऊन आलेली गाडी टचलेसमध्ये घालणं म्हणजे गिऱ्हाईक नाराज करण्याची हमी. उलट तीच गाडी प्रीवॉश न करता ब्रशखाली घालणं म्हणजे भांडणाची हमी. पासवर येणारे ठरलेले लोक जास्त असतील तर टचलेसच्या बाजूने एक टिंब टाकते मी. वाटेने जाताना वळणारे लोक जास्त असतील तर ब्रशच्या.

चाकांबद्दल दोन्ही मशीन सारखीच निराशा करतात. चाकाचा ब्रश खोल आऱ्यांमध्ये पोचत नाही आणि टचलेसचं पाणी ब्रेकची भुकटी नीट सोडवत नाही. चाकं हातानेच.

वाळवण्याचं एक गुपित आहे, ते दोघांनाही लागू पण टचलेसवाल्यांना जास्त छळतं. शाम्पू बहुधा ऋणभाराच्या जातीचा, ड्रायिंग एजंट, म्हणजे पाणी लवकर ओघळावं म्हणून शेवटी मारतात ते औषध, धनभाराचा. मधली खळबळ कमी पडली तर दोघे एकमेकांना धरून बसतात, काचेवर चिकट साय येते आणि पाण्याचे मणी होऊन घसरण्याऐवजी ते चादरीसारखं पसरून राहतं. ब्लोअर कितीही ओरडला तरी ते पाणी हलत नाही. मालक मोठा ब्लोअर विकत घ्यायला निघतो. अर्धं मिनिट जास्त खळबळलं तर बहुतेक वेळा काम होतं.

दोन्ही एकाच मशीनमध्ये असलेले हायब्रिड मिळतात. गिऱ्हाईकाने बटण दाबून निवडायचं. जागा एकच आणि गाड्या सगळ्या तऱ्हेच्या असतील तर पर्याय वाईट नाही. पण पंपही सांभाळा, ब्रशही सांभाळा, सॉफ्टनरही सांभाळा. ज्याच्याकडे हे सगळं बघणारा एक समजूतदार माणूस कायमचा आहे त्याने घ्यावं. बाकीच्यांकडे सहा महिन्यांत त्यातला एकच भाग चालू असतो, कोणता ते विचारू नका.

मग मी काय सांगते? पाणी जड, ऑपरेटर दर चार महिन्यांनी बदलणारा, मालक दुसऱ्याच धंद्यात गुंतलेला, अशी परिस्थिती असेल तर फोमचं ब्रश मशीन, पुढे दणकट प्रीवॉश, आणि दारावर ठळक अक्षरांत कुठल्या गाड्या चालणार नाहीत त्याची पाटी. पाणी चांगलं किंवा सॉफ्टनर-आरओची तयारी, केमिकलचा डोस आठवड्याला मोजायची शिस्त, आणि रोजच्या येण्यातल्या महागड्या गाड्या, असं असेल तर टचलेस, आणि तेही डोळे झाकून. लोक ब्रशला घाबरतात हे कारण मला पुरेसं वाटत नाही. घाबरलेल्याला धुतलेली काळी गाडी टॉर्च मारून दाखवता येते. मळकी निघालेली गाडी दाखवून कोणाचं समाधान करणार?

डोस मोजणं म्हणजे फार काही नसतं. व्हेंचुरी म्हणजे वाहत्या पाण्याच्या जोरावर केमिकल ओढून घेणारी नळी. तिच्या तोंडाशी शेंगदाण्याच्या टरफलाएवढीही नसलेली रंगीत प्लास्टिकची टिप असते, तिच्या भोकावर ठरतं की कॅनमधून किती ओढलं जाणार. ती अर्धी बुजली की गाडी मळकी. थंडीत केमिकल घट्ट झालं तर टिप मोकळी असूनही कमी ओढलं जातं. मोजपात्र आणि घड्याळ पुरतं: ठरलेल्या धुलाईंना किती मिलिलिटर गेलं ते वहीत लिहायचं. ज्या सेंटरवर ही वही असते तिथे मला फारसं जावं लागत नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने हे वाईट, पण लिहून टाकलं.

सही करण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी मागा. पहिली, त्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या मशीनचा पत्ता. नवीन मशीन सगळीच चांगली धुतात. दुसरी, पंपाची सील आणि नोझल्स, किंवा ब्रशच्या पट्ट्यांचा अख्खा सेट, किती दिवसांत हातात पडेल ते लेखी. तिसरी, प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट. तिसऱ्या मागणीवर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडचं मशीन कितीही चांगलं असो, केमिकल दुसरीकडून घ्या.

आणि त्या जुन्या मशीनवर जाताना आपलीच गाडी न्या, गडद रंगाची असेल तर बरं, आठवडाभर न धुतलेली. विक्रेता आपली गाडी आणतो म्हणाला तर नको म्हणा, ती आदल्या दिवशी धुतलेली असते. पांढरा फडका खिशात ठेवा, टॉर्च मोबाइलमध्ये आहेच. आधी फडका मागच्या दारावर, मग टॉर्च दोन्ही बाजूंच्या दारांवर. मशीन टचलेस असो वा ब्रशचं, दोन्ही तपासण्या करा. टचलेस सेंटरवरही कधी कधी आडोशाला एक पोरगा कोरडा फडका घेऊन उभा असतो आणि मशीनने न काढलेलं तो हाताने पुसून देतो. त्या कोरड्या फडक्याचे ओरखडे टॉर्चमध्ये दिसतात.